अधिक महिन्यातलं वाळवण

झाकण मेलं, हे आईने मला पाण्याचा पेला हातात देता देता सांगितलं. मी नागपूरला मुलाखत देऊन भर उन्हातून घरी आलो होतो. आईचं म्हणणं असं की आधी पाणी पी, मग काय वाईट वाटून घ्यायचं ते घे, रिकाम्या पोटी दुःख केलं की ऊन लागतं.

"कशाने?" मी विचारलं.

"गच्चीवर कुरडया उलटायला गेले तर त्यांच्यात पडलं होतं," आई म्हणाली. "मला वाटलं, एखादी कुरडई करपली."

डबा जिवंत होता. बाथरूममध्ये ताईने त्याला परातीत कोमट पाण्यात ठेवलं होतं आणि स्टुलावर बसून ती त्याच्या पाठीवर ओंजळीने पाणी सोडत होती. त्याचे डोळे मिटलेले, मान बाहेर लोंबलेली. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा ओंजळ भरली. आमची प्रणिताताई लग्नानंतर तशी कमीच बोलायची.

डबा आणि झाकण ही माझी दोन कासवं. आफ्रिकेकडची जात, रीतसर नोंदणी करून घेतलेली, दोघंही पेढ्यांच्या खोक्यात बसतील एवढी. इंजिनियरिंग झाल्यावर माझ्या हाती जे काही लागलं होतं, त्यात या दोघांपलीकडे चारचौघांत सांगण्यासारखं काही नव्हतं.

लोकांना वाटतं, वाळवंटातलं कासव, म्हणजे कोरडं ठेवलं की खूश. पण वाळवंटातलं पिल्लू वाळवंटात हिंडत नाही. ते बिळात राहतं आणि बिळात ओल असते. घरात पाळलेल्या पिल्लाला ती ओल आपण पुरवावी लागते. नाही पुरवली तर त्याची पाठ गुळगुळीत वाढायच्या ऐवजी टेंगळांनी वर येते, आतल्या आत मूत्रपिंडं सुकतात आणि एक दिवस ते खायचं थांबतं. म्हणून मी एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात नारळाचा ओला भुसा भरला होता, वर काचेचं छप्पर, कोपऱ्यात फुटक्या मडक्याचं बीळ, आणि रोज सकाळी हनुवटीपर्यंत पाण्यात अंघोळ. टबातल्या हवेत ऐंशी टक्के ओलावा राहावा म्हणून मी जेवढं वाचलं तेवढं कॉलेजात कुठल्याच विषयाचं वाचलं नव्हतं. बाहेर अमरावतीच्या मे महिन्यात हवा अशी की कपडे वाळत घालायला दोरीपर्यंत जावं, तर ते वाटेतच वाळावेत.

घरात त्यातल्या त्यात दमट जागा एकच, कूलरची खोली. टब तिथे होता. आणि अधिक महिना लागल्यावर त्याच खोलीत जावई उतरले.

अविनाशराव खोडके, यवतमाळ. ताईचे यजमान, माझे भाऊजी. सौर सुकवणी यंत्रांचे विक्रेते. काचेची उतरती पेटी, आत काळा पत्रा, उन्हात ठेवली की मेथीपासून माशांपर्यंत काहीही सुकतं. धंद्यावर प्रेम करणारी माणसं मी पाहिली आहेत, भाऊजींची मात्र भक्ती होती. ओल म्हणजे रोग, हे वाक्य ते नमस्काराच्या जागी वापरत. टॉवेल ओला दिसला, रोग. भाजीला रस्सा, रोग. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अक्षता दमट असल्याची तक्रार केली होती. या खेपेला ते नमुन्याचं एक यंत्र बरोबर घेऊन आले होते. धोंड्याच्या जेवणाला वरुडचे आमचे वासुदेवकाका येणार होते, काकांच्या संत्र्याच्या बागा होत्या, आणि संत्रं हे फळ भाऊजींच्या मते गरजेपेक्षा फार ओलं होतं.

झालं असं. मी मुलाखतीला गेलो, आई आणि ताई बाजारात गेल्या, आणि भाऊजींनी टबाचं छप्पर उघडलं. आत ओल. त्यांनी भुसा उकिरड्यावर नेऊन टाकला, टब कोरडा पुसला आणि दोन्ही पिल्लांना जरा हवा लागावी म्हणून गच्चीवर, वाळवणाच्या चादरीवर, आईच्या कुरडयांच्या रांगेत नेऊन ठेवलं. मग खाली येऊन वाटीभर आमरस खाल्ला आणि झोपले. डबा सरपटत तिथेच मांडलेल्या यंत्राच्या सावलीत गेला. झाकण पहिल्यापासून ठेवाल तिथे बसणारं. ते बसलं.

उठल्यावर भाऊजींनी झाकणला हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं, नाकाशी नेलं आणि मला समजावलं, "मुळातच कमजोर असणार ते. पण बघ, वास अजिबात नाही. ही कोरड्या हवेची कमाल."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"एक शब्द बोलायचा नाही," बाबा म्हणाले. "अधिक महिना आहे. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू."

"कासव पण विष्णूच," मी म्हणालो.

बाबांनी विचार केला. ते न्यायी माणूस होते. "कासव अवतार," ते म्हणाले. "हे मूळ."

झाकणला मी अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं. खड्ड्यात आधी बादलीभर पाणी ओतलं. मग तिथेच उकिडवं बसून ठरवलं की या माणसाला मी वाळवणार. शब्द बोलायचा नव्हता, म्हणजे हात मोकळे होते.

पण आधी डब्याला जगवायचं होतं. बाथरूम आम्ही त्याच्या ताब्यात दिलं. टब तिथे नेला, नवा भुसा भिजवला, खिडकीला ओलं गोणपाट लावलं आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. बाबांना अंघोळीला पाच मिनिटं मिळत आणि आत जाताना दार किलकिलंच उघडायची ताकीद. ते बाहेर येत तेव्हा वाफवलेल्या मोदकासारखे दिसत. डबा मात्र तसाच, डोळे मिटून. जास्वंदीचं पान समोर धरलं तर हुंगतही नव्हता. ताई दिवसातून दोनदा त्याला पाण्यात बसवायची आणि मी विचारलं की फक्त मान हलवायची.

त्याच संध्याकाळी मी कूलरच्या पंपाची पिन काढून खिशात घातली. पंखा चालू, पाणी बंद. ज्यांनी विदर्भात उन्हाळा काढला नाही त्यांना सांगतो, वाळ्याच्या ताट्या ओल्या नसल्या की कूलर म्हणजे भट्टीच्या तोंडाला लावलेला पंखा.

सकाळी भाऊजी बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ पापडासारखे झाले होते आणि एका नाकपुडीत कापूस होता. मी चहा पुढे केला, नम्रपणे वाकलो आणि बाबांच्या देखत त्यांना सांगितलं की भाऊजी, तुमचं बोलणं माझ्या मनाला लागलं. ओल म्हणजे रोग. म्हणून आम्ही तुमच्या खोलीतल्या कूलरचं पाणीच बंद केलंय.

बाबा दचकले. त्यांनी जावयाकडे पाहिलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हा माणूस आता कुठल्याच बाजूने सुटू शकत नाही.

"उत्तम केलं," ते म्हणाले. "फार छान कोरडी झोप लागली."

इथपर्यंतचं श्रेय माझं. पुढचं मला नीट कळेना. भाऊजींच्या उशाशी पाण्याचा तांब्या असायचा, तो रोज संध्याकाळी भरलेला दिसे आणि झोपायच्या वेळी पालथा. ओठांना लावायचं व्हॅसलिन त्यांनी आणवलं, ते हरवलं. दुसरं आणवलं, तेही गेलं. आईने ताक घुसळलं की ते त्यांच्या ताटापर्यंत पोचायच्या आत संपलेलं असे. आणि ताटात काय, तर ताईने आईच्या मनात भरवून दिलं होतं की यांना कोरडंच आवडतं. त्यामुळे सासरच्या पाहुणचारात त्यांना झुणका, भाकरी, जवसाची चटणी, तळलेले सांडगे, भाजलेला पापड आणि पुन्हा झुणका मिळत होता. आई कौतुकाने वाढायची. भाऊजी घास घशाखाली ढकलत आणि म्हणत की वा, खरं जेवण हे. त्यांचा आवाज रोज थोडा कमी होत होता. आधी बसला, मग घोगरा झाला, मग दार करकरल्यासारखा यायला लागला. एकदा ते फोनवर कुणालातरी यंत्राची माहिती देत होते, तर समोरच्याने लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवला.

मी खूश होतो. पण डबा डोळे उघडत नव्हता. त्यामुळे माझा आनंद बाथरूमच्या दारापाशी जाऊन थांबायचा.

धोंड्याच्या जेवणाचा दिवस उजाडला. वासुदेवकाका आणि काकू वरुडहून आले. ओसरीत पाट मांडले, रांगोळी काढली, मधल्या पाटावर जावई. ताटात पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि भोवती अनारसे. आईच्या अनारशांची तारीफ काय करावी, खसखस लावलेले, जाळीदार, आणि घशात गेले की घसा धरून बसणारे. भाऊजींनी काकांकडे वळून सुरुवात केली. त्या करकरत्या आवाजात ते संत्र्याच्या साली, फोडी, त्यातलं नको असलेलं पाणी आणि कोरड्या हवेचे फायदे सांगत होते. काका मान पुढे काढून ऐकत होते, कारण निम्मं ऐकू येत नव्हतं. ताई पाणी वाढत होती. काकांना वाढलं, बाबांना वाढलं, मला वाढलं, आणि भाऊजींच्या फुलपात्रावरून ती दोनदा पुढे गेली.

बोलण्याच्या भरात भाऊजींनी अख्खा अनारसा तोंडात टाकला.

तो तिथेच बसला. भाऊजींनी गिळायचा प्रयत्न केला, डोळे मोठे केले, छातीवर थाप मारली. मग हात पुढे केला आणि त्यांच्या तोंडून एक शब्द आला. "पाणी."

ताई तांब्या घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. वाकली नाही.

"आधी सांगा," ती म्हणाली, "चेतनचं कासव कशाने मेलं."

बाबा उठायला लागले, तर आईने त्यांच्या धोतराचा सोगा पाटाखाली दाबून धरला. हे मी या डोळ्यांनी पाहिलं. अधिक महिन्याबद्दल आईचं मत वेगळं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

भाऊजींनी तांब्याकडे पाहिलं. "उन्हाने," ते म्हणाले.

"उन्हात कुणी ठेवलं?"

"मी."

"का ठेवलं?"

"सुकायला." ते खोकले. "मला वाटलं त्याला चांगलं. आता दे."

ताईने वाढलं. ते गटागट प्यायले, पुन्हा फुलपात्र पुढे केलं, पुन्हा प्यायले, मग तांब्याच मागून घेतला. आम्ही सगळे बघत होतो. कोरड्या हवेवर घटकाभर बोललेला माणूस तांब्या वर करून, हनुवटीवरून ओघळ वाहू देत पाणी पीत होता. शेवटी श्वास घेऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि बाबांना हळूच सांगितलं की कूलरमध्ये पाणी घातलं तर बरं होईल.

वासुदेवकाकांनी हात धुतला. "जावईबापू," ते म्हणाले, "मंग आमची संत्री राहू द्या झाडावरच. कासवाचं त वरून एवढं टणक असते. संत्र्याले नुसतं साल हाये."

जेवणं उरकल्यावर मी बाथरूममध्ये गेलो. ताई डब्याला परातीत घेऊन बसली होती. डब्याचा एक डोळा उघडा होता. अर्धाच, सरकारी कचेरीच्या खिडकीसारखा, पण उघडा. ताईने जास्वंदीचं पान पुढे केलं. त्याने मान लांब केली, विचार केला आणि कडेचा एक तुकडा तोडला. मला तो चावण्याचा आवाज आला. मी परातीशेजारी ओल्या फरशीवर बसलो.

"पंपाची पिन तू काढलीस ना?" ताईने विचारलं.

"हो. पण तांब्या मी पालथा केला नाही. आणि व्हॅसलिन..."

"तो भाग माझा."

मग ती बोलायला लागली, डब्याच्या पाठीवर पाणी सोडत, खालच्या आवाजात, जणू डब्यालाच सांगत होती. लग्नानंतर ती इथून मोगऱ्याच्या कुंड्या घेऊन गेली होती, त्या भाऊजींनी ओल येते म्हणून काढून टाकल्या. न्हायल्यावर केस ओले घेऊन तिला घरात हिंडता येत नसे, गच्चीवर उभं राहावं लागे, पार वाळेपर्यंत. माहेरची आठवण येऊन एकदा ती पाहुण्यांसमोर रडली, तर भाऊजी हसत म्हणाले, डोळे पूस, भिंतींना ओल येते. पाहुणेही हसले होते. त्यानंतर ती रडली नाही. त्याऐवजी तिने दुसरं एक काम हाती घेतलं. पावसाळ्यात भाऊजींच्या नमुन्याच्या बरण्यांना दरवर्षी बुरशी यायची. वाळवलेली मेथी, कांदा, टोमॅटो, सगळ्याला पांढरी लव. भाऊजी बरणीवाल्याशी भांडत, बरण्या बदलत, यंत्राची काच बदलत.

"रात्री बरण्यांच्या फिरक्या सैल करते मी," ताई म्हणाली. "सकाळी पुन्हा घट्ट."

मी माझ्या सख्ख्या बहिणीकडे जरा आदराने पाहिलं. मी एका पिनेवर स्वतःला मोठा समजत होतो.

"चेतन, डबा मला दे," ती म्हणाली.

मी नाही म्हणालो. स्पष्टच. झाकणला वाळवणाऱ्या घरात मी डब्याला पाठवणार नव्हतो. तो आत्ता कुठे एक तुकडा खातोय, तुझ्याकडे भुसा कोण भिजवेल, भाऊजी दुसऱ्या दिवशी त्याला पेटीत घालतील, असं बरंच बोललो. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"जावयाला वाण दिलं तर त्याला नाकारता येतं का?" तिने विचारलं.

"नाही."

"परत देता येतं? टाकून देता येतं?"

अधिक महिन्यातलं वाण. भाऊजी ओलीला जेवढे घाबरत, त्याहून फक्त एकाच गोष्टीला घाबरत होते, आणि ती म्हणजे देवाचं काही चुकणं. ताईने डब्याला पाण्यातून उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. तो गार होता, ओला होता आणि पाय हलवत होता.

"त्याला काय काय लागतं ते सगळं यांना तूच सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग. सगळ्यांसमोर."

संध्याकाळी देवासमोर समई लावली. वाणाचं तांब्याचं ताट आईने स्वतः आणलं, वर खण झाकलेला. ताईला आणि भाऊजींना शेजारी बसवून बाबांनी हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि ताट जावयाच्या हातात दिलं. खणाखाली काय आहे ते बाबांना माहीत नव्हतं. आईला होतं. खण हलला. भाऊजींनी तो उचलला, आणि अनारशांच्या मधोमध ओल्या फडक्यावर डबा बसला होता, मान वर काढून, कपाळाला कुंकू लावून.

बाबांचे डोळे भरून आले. त्यांना ही कल्पना आईची वाटली आणि फार पवित्र वाटली. "प्रत्यक्ष कूर्म," ते म्हणाले. "जावईबापू, भाग्य लागतं."

मी पुढे झालो आणि सावकाश सांगायला लागलो. पिल्लाला एक खोली लागेल, खिडक्या बंद. उन्हाळ्यात कूलर, चोवीस तास, पाण्यासकट. नारळाचा भुसा रोज भिजवायचा. खोलीत कुंड्या ठेवायच्या, भरपूर, मोगरा चालेल, हवेत ओल धरून राहते. भिंती थोड्या दमट झाल्या तर उत्तम, नाही झाल्या तर पाणी शिंपडायचं. आणि सुकवणी यंत्र घरात नको, त्याच्या वाऱ्यानेही पिल्लाला त्रास होतो. ही शेवटची माहिती पुस्तकात नाही, ती माझ्या पदरची.

भाऊजी ताट धरून बसले होते. ते खाली ठेवता येत नव्हतं, कारण बाबा समोर हात जोडून उभे होते.

"हे जगतं किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगणार होतो, पण बाबांना राहवलं नाही. "शंभर धरा," ते प्रेमाने म्हणाले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. डबा आता जेवायच्या पाटाएवढा झालाय, पाठ कलिंगडासारखी गुळगुळीत, एक टेंगूळ नाही. मधे यवतमाळला गेलो होतो. दारातून आत शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरते. जिन्याला मोगरा, खिडक्यांत नेचे, मागच्या भिंतीवर चक्क शेवाळ. ताई ओले केस पाठीवर सोडून घरभर हिंडत होती. भाऊजी गळ्याला मफलर गुंडाळून ओसरीत बसतात. यंत्रं त्यांनी बसस्टँडजवळ गाळा घेऊन तिकडे हलवली आहेत. बादली घेऊन दोनदा ते माझ्यासमोरून गेले, एकदा कूलरकडे आणि एकदा कुंड्यांकडे, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघायचं टाळलं.

स्वयंपाकघरात ताई रस्सा वाढत होती तेव्हा मी तिला हळूच सांगितलं की ताई, ही एवढी ओल पिल्लांनाच लागते. मोठं झाल्यावर कासवाला कोरडी हवा चालते. डब्याला तर केव्हापासूनच चालते.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "यांच्याजवळ काही बोललास का?"

"नाही."

"बरं," ताई म्हणाली आणि माझ्या वाटीत अजून एक डाव रस्सा ओतला.